चार्ली आणि मोहन : नाताळनिमित्त एका सख्याचे स्मरण

नाताळ आला की पुण्या-नगरकडील मराठी ख्रिस्ती घरांतून करंज्या, शंकरपाळे आणि चकल्यांची ताटे शेजारच्या हिंदू घरी जातात. दिवाळीत आलेल्या ताटाची ती प्रेमळ परतफेड असते. ही ताटे नेण्या-आणण्याचे काम बहुधा गृहिणींकडे असते. ताट हातात देता देता दारातच दोघींच्या अर्धा तास गोष्टी होतात. सुनेचे बाळंतपण, मुलाची नोकरी, गुडघ्यांचे दुखणे, सारे बोलून होते आणि दोघींचीही मने हलकी होतात. त्याच वेळी त्या दोन घरांतील पुरुष काय करीत असतात? एक वर्तमानपत्राआडून मान हलवितो, दुसरा गॅलरीतून हात उंचावतो. वीस वीस वर्षे भिंतीला भिंत लावून राहिलेले हे दोन गृहस्थ एकमेकांच्या मनाचा उंबरठा कधी ओलांडीत नाहीत.

गेल्या वर्षी आमच्या आळीतील एक वृद्ध गृहस्थ निवर्तले. सश्रद्ध, नेमाने पूजापाठ करणारे, कोणाच्या अध्यातमध्यात नसलेले. अंत्ययात्रेस शंभरावर माणूस होता. त्या रात्री त्यांचा मुलगा आम्हांस म्हणाला, "काका, बाबांच्या अगदी जवळच्या मित्राला कळवायचं होतं, पण कोणाला कळवू, तेच मला समजेना." पत्त्यांच्या वहीत नावे पुष्कळ होती. कचेरीतील होती, नात्यातील होती, पतपेढीतील होती. त्यांपैकी ज्याच्यापाशी त्यांनी कधी आपले दुःख सांगितले असेल असे नाव कोणते, याचे उत्तर आमच्यापाशीही नव्हते. आणि आम्ही त्या शंभरांतीलच एक होतो.

आपल्या समाजाने स्त्रियांना सुखदुःख वाटून घेण्याच्या जागा तरी दिल्या. मंगळागौर, भोंडला, चैत्रातील हळदीकुंकू ह्या त्या जागा होत. आणि पूर्वी तर जात्यावर बसल्या बसल्या मन मोकळे करण्याची सोय होती. पुरुषांना पार मिळाला, तालीम मिळाली, भजनी मंडळ मिळाले. तथापि पारावर राजकारण निघते, तालमीत जोर निघतात. मन निघत नाही. आषाढीच्या वाटेवर एकमेकांच्या पाया पडून 'माउली' म्हणणारा पुरुष काही दिवस मोकळा होतो खरा, परंतु परतल्यावर तोच आपल्या घरी पुन्हा मुका होऊन बसतो. मुलगा, पती, पिता, साहेब, जावई ही सारी नाती त्याने यथासांग निभावलेली असतात. मित्र हे नाते मात्र शाळेच्या पटांगणावरच मागे राहिलेले असते.

आपल्या धर्माने ही उणीव ओळखली नव्हती असे नाही. श्रवण-कीर्तनापासून आत्मनिवेदनापर्यंत भक्तीचे जे नऊ प्रकार भागवतात प्रल्हादाच्या मुखी आले आहेत, त्यांत आठवी पायरी सख्याची आहे. दास्य सातवे आणि सख्य आठवे. देवाचा सेवक होणे तुलनेने सोपे, त्याचा सखा होणे त्याहून अवघड, असा हा क्रम दिसतो. समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात या सख्यभक्तीस एक स्वतंत्र समास दिला आहे. आणि तेथे त्यांचा सारा भर एकाच गोष्टीवर आहे, की ज्याच्याशी सख्य करावयाचे त्याच्या आवडीनिवडी आपल्याशा कराव्यात, त्यासाठी आपल्या सुखाची तमा बाळगू नये. सख्य आपोआप घडत नाही, ते करावे लागते, असेच समर्थांस म्हणावयाचे आहे.

ख्रिस्ती धर्मातही हीच पायरी आहे, हे पुष्कळांच्या ध्यानी नसते. योहानाच्या शुभवर्तमानात, वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री येशू आपल्या शिष्यांस सांगतो, की आजपासून मी तुम्हांस दास म्हणत नाही, मित्र म्हणतो. त्याच रात्री गेथशेमाने बागेत तो तिघा शिष्यांना जवळ बोलावतो आणि आपले मन मरणप्राय खिन्न झाले आहे असे सांगून त्यांना आपल्याबरोबर जागे राहण्याची विनंती करतो. ते तिघे झोपी जातात. तो तीनदा येऊन पाहतो, आणि तीनही वेळा ते निजलेलेच असतात. ज्यास कोट्यवधी लोक देव मानतात त्याने संकटाच्या रात्री चमत्कार मागितला नाही, मित्रांची सोबत मागितली, आणि ती त्यास मिळाली नाही. लाजर नावाच्या मित्राच्या कबरीपाशी तो रडला, हेही त्याच ग्रंथात नोंदलेले आहे. पुरुषाने रडू नये असे मुलांना शिकविणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही दोन्ही प्रकरणे एकवार वाचावीत.

या शिकवणुकीला आपल्या आयुष्याचा धंदाच करून टाकणारा एक मनुष्य आपल्या देशात येऊन राहिला, आपल्यात वावरला आणि येथल्याच मातीत विसावला. त्याचे नाव चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज. लोकांनी त्यास दीनबंधू म्हटले. फिजी बेटांतील वेठबिगारीत पिचणाऱ्या हिंदी मजुरांची त्याने केलेली सेवा इतिहासात नमूद आहे. तिच्याविषयी आज आम्ही लिहीत नाही. आम्हांस त्याच्या मैत्रीविषयी लिहावयाचे आहे.

अँड्र्यूज यांचा जन्म १८७१ साली इंग्लंडात झाला. वडील एका छोट्या ख्रिस्ती पंथाचे धर्मोपदेशक, घर मुलाबाळांनी भरलेले. आईच्या नावे काही पैसा होता आणि तो वडिलांच्या एका विश्वासू मित्राच्या हवाली होता. त्या मित्राने तो सट्ट्यात बुडविला. ही बातमी कळली त्या दिवशीच्या कौटुंबिक प्रार्थनेत वडिलांनी बुडालेल्या पैशाविषयी चकार शब्द काढला नाही. ज्या मित्राने दगा दिला त्याला देवाने क्षमा करावी, एवढेच मागितले. लहानग्या चार्लीच्या मनावर तो प्रसंग कोरला गेला. पुढे आत्मवृत्त लिहिताना साठीच्या उंबरठ्यावरही त्यांना तो जसाच्या तसा आठवत होता.

केंब्रिजला शिकत असताना बेझिल वेस्टकॉट नावाच्या विद्यार्थ्याशी त्यांचा जीवाभावाचा स्नेह जडला. हा तरुण धर्मसेवेसाठी हिंदुस्थानात आला आणि १९०० साली पटकीच्या साथीत गेला. त्याची रिकामी जागा आपण भरून काढावी, ही ओढ अँड्र्यूजना दिल्लीस घेऊन आली. २० मार्च १९०४ हा त्यांच्या आगमनाचा दिवस. हा आपला दुसरा जन्मदिवस, आणि म्हणून हिंदुस्थानच्या भाषेत आपण 'द्विज' झालो, असे ते म्हणत. त्यांची मुंज मैत्रीने लागली असे म्हणण्यास आमची हरकत नाही.

दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजात त्यांना सुशीलकुमार रुद्र भेटले. रुद्र बंगाली ख्रिस्ती, अबोल, विधुर. मुलांना एकट्याने वाढविणारे. अँड्र्यूज आजन्म अविवाहित. एकाचे घर अर्धे झालेले, दुसऱ्याला घरच नाही. रुद्रांच्या घरी अँड्र्यूज घरच्यासारखे वावरू लागले, आणि हिंदुस्थानात आपण जे काही शिकलो ते सर्वांत अधिक रुद्रांकडून, ही कबुली त्यांनी पुढे मोकळेपणाने दिली. कॉलेजचे प्राचार्यपद रिकामे झाले तेव्हा गोऱ्या वर्तुळात नाव अँड्र्यूजांचे होते. वयाने आणि अनुभवाने रुद्र वडील असताना केवळ कातडीच्या रंगामुळे त्यांना डावलणे अँड्र्यूजांस मान्य नव्हते. तसे झाल्यास आपण राजीनामा देऊ, असे त्यांनी बजावले. १९०६ साली रुद्र त्या कॉलेजचे पहिले हिंदी प्राचार्य झाले. अँड्र्यूज त्यांच्या हाताखाली आनंदाने शिकवीत राहिले. आपल्याकडे बढतीच्या एका पायरीवरून जन्माचे स्नेही बोलेनासे होतात, हे आम्ही पाहतोच.

यापुढे त्यांच्या मैत्रीने धर्माच्याही सीमा ओलांडल्या. १९१२ साली लंडनमध्ये चित्रकार रोथेनस्टाइन यांच्या घरी रवींद्रनाथांच्या कवितांचे वाचन झाले; ते ऐकून अँड्र्यूज इतके भारावले की त्या रात्री घरी न जाता हॅम्पस्टेडच्या माळावर हिंडत राहिले. पुढे शांतिनिकेतन हेच त्यांचे घर झाले. कांगडीच्या गुरुकुलातील महात्मा मुन्शीराम हे कट्टर आर्यसमाजी, पुढे स्वामी श्रद्धानंद म्हणून प्रसिद्ध झालेले. ख्रिस्ती मिशनऱ्यांशी आर्यसमाजाचा उभा दावा असताना या दोघांत गाढ प्रेम होते. येथे आमच्या वाचकांच्या मनात जी शंका येईल तिचा उच्चार केलेला बरा. मिशनरी जवळ येतो तो बाटविण्यासाठी, ही भीती आपल्या समाजात जुनी आहे आणि ती अगदीच निराधार होती असेही आम्ही म्हणणार नाही. परंतु अँड्र्यूजांचे मित्र आर्यसमाजी होते ते आर्यसमाजी राहिले, वैष्णव होते ते वैष्णव राहिले. आपल्या ख्रिस्तावरील निष्ठा त्यांनी कधी लपविली नाही आणि मित्राच्या निष्ठेची किंमत म्हणून ती कधी पुढेही केली नाही.

गांधीजींची भेट घडविली ती आपल्या पुण्याच्या नामदार गोखल्यांनी. १९१३च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांचा लढा ऐन भरात होता आणि गोखले त्यासाठी देशभर निधी जमवीत होते. अँड्र्यूजांनी आपली आयुष्यभराची शिल्लक त्या निधीत टाकली आणि गोखल्यांच्या सांगण्यावरून ते विल्यम पिअर्सन या मित्रासह आफ्रिकेस निघाले. जानेवारी १९१४च्या आरंभी डर्बनच्या धक्क्यावर उतरल्यावर त्यांनी विचारले, गांधी कोठे आहेत? गोळीबारात मेलेल्या मजुरांच्या सुतकात डोके भादरलेली, पांढऱ्या जाड्याभरड्या कपड्यांतील एक किरकोळ व्यक्ती कोणीतरी दाखविली. अँड्र्यूज वाकले आणि त्यांनी त्या व्यक्तीच्या पायांस हात लावला. तेथील गोऱ्या समाजात मोठा गहजब उडाला. एका इंग्रजाने, त्यातून धर्मगुरूने, काळ्या माणसाचे पाय शिवावेत! त्याच आफ्रिकेच्या मुक्कामात अँड्र्यूजांस इंग्लंडातून आई गेल्याची वार्ता आली. मायदेशी पोहोचणे शक्य नव्हते. त्या दिवसांत परक्या मुलखात त्यांना माणसे मिळाली ती तेथील हिंदी घरांतलीच.

तेव्हापासून पत्रांतून 'चार्ली' आणि 'मोहन' सुरू झाले. पुढे साऱ्या देशाने ज्यांस महात्मा म्हटले, बापू म्हटले, त्यांना आईबापांनी ठेवलेल्या नावाने हाक मारणारे माणूस जवळजवळ उरले नव्हते. मोठेपणाचेही एक एकटेपण असते. सभोवती भक्त दाटलेले असतात आणि बरोबरीने बोलणारा कोणी नसतो. गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहिल्यावर अर्जुन घाबरून क्षमा मागतो, की मी तुला सलगीने सखा म्हटले, हाक मारली, थट्टा केली. त्या क्षणी श्रीकृष्णाने आपले जुने सौम्य रूप पुन्हा दाखविले. त्यास सख्य परत हवे होते, असा अर्थ आम्ही आपल्या अल्पमतीने लावतो.

या सलगीत खुशामत नव्हती. १९१८ साली गांधीजी सरकारच्या युद्धासाठी सैनिक भरतीचा प्रचार करू लागले, तेव्हा अहिंसेशी हे कसे जुळते, असे अँड्र्यूजांनी त्यांस विचारले. १९२१च्या जुलै अखेरीस मुंबईस परळला विलायती कापडाची मोठी होळी झाली. सारा देश जयजयकार करीत असताना या मित्राने लिहिले, की दारू, अस्पृश्यता, वर्णाचा मद यांवर तुम्ही घाव घालीत होता तेव्हा मी धन्य झालो होतो. पण कोणा गरिबाने कोठेतरी आपल्या हातांनी विणलेले वस्त्र जाळणे मला सोसवत नाही, आणि तुम्ही दिलेली खादी अंगावर घालण्याचीसुद्धा मला आता भीती वाटू लागली आहे, कारण तिच्यामुळे मी इतरांना दोषी ठरवितो असे दिसेल. गांधीजींनी काय करावे? त्यांनी ते पत्र 'यंग इंडिया'त छापले आणि खाली आपले उत्तर दिले. दोघांपैकी कोणीही आपले मत सोडले नाही. आमच्या समजुतीप्रमाणे पुरुषांची मैत्री बहुधा येथेच खचते. मतभेद झाला की एक गप्प बसतो, दुसरा तोंड फिरवितो, आणि पाहता पाहता दहा वर्षे निघून जातात.

येथे मात्र पत्रानंतर तिसऱ्या वर्षी काय घडले ते पाहावे. येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींवर १२ जानेवारी १९२४च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली. अँड्र्यूज त्यांच्या उशाशी येऊन राहिले. सुटकेनंतर गांधीजी विश्रांतीसाठी जुहूच्या समुद्रकाठी गेले, तेथेही ते होते. पत्रव्यवहार पाहावा, भेटीस येणाऱ्यांना आवरावे, सकाळ-संध्याकाळ जवळ बसावे. त्याच वर्षी सप्टेंबरात दिल्लीस हिंदु-मुसलमान ऐक्यासाठी गांधीजींनी एकवीस दिवसांचा उपवास आरंभिला. अँड्र्यूज पुन्हा हजर, आणि त्या काळात 'यंग इंडिया'चे कामही त्यांनीच सांभाळले. ८ ऑक्टोबरला उपवास सुटला. त्या वेळी इमामसाहेबांनी कुराणातील आरंभीच्या आयती म्हटल्या, अँड्र्यूजांनी ख्रिस्ताच्या क्रुसावरील एक स्तोत्र गायिले, विनोबांनी उपनिषदांचे पठण केले आणि त्यांचे बंधू बालकोबा यांनी भजन म्हटले. मग डॉ. अन्सारींनी संत्र्याचा रस पुढे केला. गेथशेमानेच्या बागेत जे तिघे झोपी गेले, त्यांच्या वाटचे जागरण हा मनुष्य दिल्लीत करीत होता, असे आम्हांस ते वर्णन वाचताना वाटत आले आहे.

अँड्र्यूज निर्दोष होते असे कोणी समजू नये. स्वभाव भावनाप्रधान, काहीसा उतावीळ. एक काम हाती घेऊन दुसऱ्या खंडात धाव घेणे नेहमीचे. छत्री, कोट, पैसे यांचा पत्ता नसे, कारण जे विसरले जात नसे ते कोणातरी गरजूस दिले जाई. त्यांच्या प्रेमाचा भर कधी कधी मित्रांनाही झेपत नसे. आणि इतके मित्र असूनही एकटेपण त्यांच्या वाट्यास आलेच नाही असेही नाही. पिअर्सन १९२३ साली इटलीत आगगाडीतून पडून गेले. रुद्र १९२५च्या उन्हाळ्यात गेले. २३ डिसेंबर १९२६ रोजी, नाताळला दोनच दिवस उरले असताना, दिल्लीत स्वामी श्रद्धानंदांचा खून झाला. चार वर्षांत तीन जिवलग गेले. ज्याला बायको नाही, मूल नाही, घर नाही, त्या पंचावन्न वर्षांच्या माणसाने तो नाताळ कसा काढला असेल, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. तरीही मित्र करणे त्यांनी थांबविले नाही. पत्रे लिहिणे थांबविले नाही. कोणी आजारी आहे असे कळले की निघणे थांबविले नाही. ही त्यांची उपासना होती. आपण जसे ठरलेल्या वेळी देवापुढे निरांजन लावतो आणि त्या दिवशी मन लागो न लागो, निरांजन लावल्यावाचून राहत नाही, तसेच ते होते.

१९४०च्या आरंभी कलकत्त्यास त्यांचे दुखणे विकोपास गेले. गांधीजी त्यांना भेटावयास रुग्णालयात गेले. देशाचे सारे राजकारण डोक्यावर असताना ते त्या खाटेपाशी बसले, आणि त्या खंगलेल्या इंग्रजाने आपल्या मोहनला सांगितले, की स्वराज्य येत आहे, मला ते दिसते आहे. ५ एप्रिल १९४० रोजी अँड्र्यूजांनी देह ठेवला. कलकत्त्याच्याच ख्रिस्ती दफनभूमीत त्यांची समाधी आहे.

त्यांच्या स्मारकासाठी, शांतिनिकेतनच्या कार्याकरिता, पाच लक्ष रुपयांचा निधी जमवावा असे गांधीजींनी ठरविले होते. दोन वर्षे गेली तरी तो पुरा होईना. दरम्यान १९४१च्या ऑगस्टात गुरुदेव रवींद्रनाथही गेले. १९४२च्या मे महिन्यात, जपानी सैन्य ब्रह्मदेशात आलेले, क्रिप्स साहेब रिकाम्या हातांनी परतलेले आणि 'छोडो भारत'चा ठराव मनात आकार घेत असलेला, अशा वेळी बहात्तर वर्षांचा मोहन उन्हाळ्याच्या काहिलीत मुंबईस आला आणि आपल्या चार्लीसाठी दारोदार झोळी पसरून बसला. पाच लक्ष पुरे झाल्यावरच तो मुंबईहून हलला.

(आमच्या शेजारच्या घरून यंदाही करंज्यांचे ताट येईल. ते परत नेऊन देण्याचे काम या खेपेस आम्ही घरातून मागून घेतले आहे.)